उरलेल्या दोघी

२५ नोव्हेंबर

धाकटे,

मंगळवार, अठरा नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. त्या मिनिटाला केंद्राच्या मैदानावर तू तिसरी शिट्टी वाजवलीस आणि शेचाळीस किलोच्या मुलीचा गळा एकोणऐंशी किलोच्या मुलीच्या कोपरात दिलास. पुढच्या मिनिटाला ती डोक्यावर पडलेली होती. गुरुवारी दुपारी ती गेली.

तुझी-माझी बोलचाल सहा वर्षं बंद आहे आणि ती तशीच राहिली असती तरी माझं काही अडलं नसतं. पण काल चौकशी समितीपुढे तुझं निवेदन वाचून दाखवलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. तू मला पाहिलंस. पाहून चष्मा पुसलास. म्हणजे आपण काय लिहून दिलंय याची तुला पुरती शुद्ध होती.

तू लिहून दिलंस: "हजर मुली चौतीस. संख्या सम असल्यामुळे प्रत्येकीला शेजारच्या चौकोनातली जोडीदारीण मिळाली होती. आदल्या दिवशी गरम पाण्याच्या बादलीवरून झालेल्या भांडणाचा राग मनात धरून आरोपी मुलीने आपली जोडीदारीण सोडली, मैदान ओलांडले आणि मृत मुलीवर हल्ला केला. मला रोखण्यास वेळ मिळाला नाही."

इंग्रजी शाळेत शिकूनही तुझं मराठी बरं आहे. बाकी एकूण एक शब्द खोटा आहे.

आता मी जे लिहिणार आहे ते तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण या पत्राची एक प्रत त्या मुलीच्या वकिलाकडे जाणार आहे आणि त्या बिचाऱ्याला अजून दाढीसुद्धा नीट फुटलेली नाही.

वकीलसाहेब, ऐका. स्त्री-रक्षकांच्या त्या केंद्रात मी तेवीस वर्षं मुख्य प्रशिक्षिका होते. मैदान मी आखलं. सहा रांगा, रांगेत सहा चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे एक काळा एक पांढरा. पहिल्या रांगेत सगळ्यांत हलक्या मुली, शेवटच्या रांगेत सगळ्यांत भारी. पहिल्या शिट्टीला प्रत्येकीने आपल्या चौकोनात उभं राहायचं. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या मुलीला धरायचं: पुढची, मागची, डावी किंवा उजवी. तिरकी चालत नाही. तिसऱ्या शिट्टीला मारामारी सुरू. शेजारच्याच मुलीला धरायचं याला कारण आहे. शेजारणींच्या वजनात फार तर सहा किलोंचा फरक असतो. मुली एकमेकींना पूर्ण ताकदीने आपटतात. वजनं सारखी असली तर टेंगूळ येतं, नसली तर मान मोडते.

आणि जोडी रोज बदलायची, म्हणजे कुणाला कुणाची सवय होत नाही. सगळा पट भरलेला असला तर शेजारच्या चौकोनांच्या अशा जोड्या लावायच्या सहा हजार सातशे अठ्ठावीस तऱ्हा आहेत. रोज एक वापरली तरी अठरा वर्षं पुरतील. कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवणाऱ्या आमच्या मदरनी आम्हा दोघी बहिणींना दोन रविवार बसवून, एकेक रांग पुढे सरकवत, त्या मोजून घेतल्या होत्या. हाताला पेटके आले होते.

पण मुली आजारी पडतात. त्या मंगळवारी दोघी नव्हत्या. पहिल्या रांगेतली तिसरी तापाने पडली होती आणि चौथ्या रांगेतल्या दुसरीचा घोटा सुजला होता. हे तुझ्याच निवेदनात आहे, धाकटे. पट डोळ्यांपुढे आण. ते दोन्ही चौकोन पांढरे. राहिले सोळा पांढरे आणि अठरा काळे. काळ्याला शेजार पांढऱ्याचाच असतो. सोळा पांढऱ्या मुली सोळा काळ्या मुलींना धरणार. मग उरलेल्या दोन काळ्यांनी कुणाला धरायचं? हवेला?

चौतीस सम आहेत म्हणून चौतिसांच्या जोड्या लागल्या, हे अक्कल गहाण ठेवलेल्या माणसाला पटेल, आणि समितीत तसे तिघे बसलेले आहेत. माझ्या वेळी अशा दोन उरल्या की हात वर करायच्या आणि बाकावर जाऊन बसायच्या. तेवीस वर्षांत त्या बाकाने कुणाचा जीव घेतला नाही. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात तू बाक उचललास आणि काळ्या-पांढऱ्यावर राखाडी रबर अंथरलंस. आधुनिक दिसतं म्हणालीस. अंथर. खालचा रंग गेला तरी शेजार बदलत नाही.

तू लिहिलेलं घडूच शकत नाही. निवेदन मागे घे. त्या मुलीवर जाणूनबुजून खून केल्याचा आरोप ठेवतायत.

ताई


२९ नोव्हेंबर

धाकटे,

पत्राला पत्राने उत्तर द्यायचं सोडून तू फोन केलास. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, का ते तुला ठाऊक आहे, तरी उजव्याने सगळं नीट ऐकलं. मी ते इथे उतरवून ठेवते म्हणजे उद्या तू नाही म्हणायला मोकळी राहणार नाहीस. (वकिलासाठी: मैदानावर आरोपी मुलीला डंपर म्हणतात, गेलेलीला पेन्सिल म्हणायचे.)

तू म्हणालीस, "ताई, तुझी गणितं तुझ्यापाशी ठेव. डंपरने तिची जोडीदारीण सोडली, पेन्सिलला ओढून तिच्या जोडीदारणीपासून तोडलं. मग त्या मोकळ्या पडलेल्या दोघींनी एकमेकींना धरलं. झाल्या की चौतीस."

मी विचारलं, "शेजारच्या होत्या का त्या?"

"असतील."

"असतील म्हणजे? मैदानावर तू होतीस की तुझा कोट खुंटीला टांगलेला होता?"

"तुला माझी जागा कधी बघवलीच नाही," म्हणालीस आणि फोन आपटलास.

जागेचं नंतर बघू. आधी मोकळ्या पडलेल्या दोघींचं. डंपर शेवटच्या रांगेत पाचवी. पेन्सिल पहिल्या रांगेत दुसरी. दोन्ही चौकोन काळे. म्हणजे तुझ्या गोष्टीत मोकळ्या पडलेल्या दोघी पांढऱ्या. पांढऱ्याला पांढरी शेजारीण कधी असते का गं? आणि त्या बत्तीस जणींनी, एकूण एक, समितीला लिहून दिलंय की आम्ही आमच्या शेजारणीशीच खेळत होतो. भीतीपोटी दिलं असेल, पण तेवढं खरं दिलंय. सोडलेली अशी कुणी मुलगी त्या मैदानावर नव्हती, धाकटे. डंपरने कुणाला सोडलं नाही. तिला धरायला कुणी उरलंच नव्हतं.

काल मी कोठडीत जाऊन तिला भेटले. वाटेत विचार करत होते की एवढी थोरली पोर त्या खोलीत मावली कशी असेल. मावली होती. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एक डोळा सुजून बंद, पुढचा दात अर्धा.

"कुणी मारलं?"

"पडले, बाई."

"खाली पडल्यावर पाठीवर पट्ट्याचे वळ उठतात होय?"

तेव्हा हसली. हसताना ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं. ते तिने खांद्याने पुसलं, कारण हात बांधलेले होते. पहारा देणाऱ्या दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मी एकीकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "वरून हुकूम आहे, बाई." मी म्हटलं, "दात तोडायचा हुकूम लेखी आहे का? आण, बघू." हात सोडले तिने.

मग डंपर बोलली. मी एका दमात लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत देते.

"मी हात वर केला होता, बाई. पेन्सिलनेही केला होता. पाहुणे आले होते ना बघायला, वरचे साहेब लोक, मांडवात खुर्च्या टाकून बसले होते. मॅडम हसत आल्या. म्हणाल्या, उरलात का दोघी? मग धरा एकमेकींना, बघता काय. मी म्हटलं, मॅडम, ती पहिल्या रांगेतली आहे. तर म्हणाल्या, बाहेर गुंड वजन करून येतो का? साहेब लोक हसले. पेन्सिल माझ्यापाशी धावत आली. म्हणाली, डंपर, हळू हं, मला अजून लग्न करायचंय. मी हळूच धरलं, बाई. आईची शपथ, हळूच धरलं. तर मॅडम मागून ओरडल्या, नाटक नको, पूर्ण जोर! मग मी रोजचा जोर लावला. माझ्या शेजारच्या मुली पंचाहत्तर किलोच्या, माझं अंग तेवढंच ओळखतं. ही उचलली ती थांबेचना. खांद्यावरून वर गेली. मी पकडायला गेले. बूट हातात आला."

तो बूट म्हणे तिच्या हातातून काढायला तिघी लागल्या.

मी विचारलं, "बादलीवरून भांडण झालं होतं?"

"झालं होतं. माझं गरम पाणी तिने घेतलं. मी तिला बादलीसकट उचलून बाहेर ठेवलं. मग दोघी हसलो."

साक्षीदार त्या बत्तीस जणी आणि मांडवातले साहेब. मुलींना नोकरी हवीय आणि साहेबांना काही आठवत नाही. राहिलीस तू.

आणि तू मला गणितं सांगू नकोस म्हणतेस? शाळेच्या व्हरांड्यातली काळी-पांढरी फरशी आठव. मदरनी दोन चौकोनांवर दोन दौती ठेवल्या आणि लाकडी पट्ट्या दिल्या, एक पट्टी दोन चौकोनांची. म्हणाल्या, उरलेली सगळी फरशी झाका, एकही चौकोन उघडा राहता कामा नये. आम्ही मोठ्या वर्गातल्या मुली गुडघे सोलून निघेपर्यंत पट्ट्या सरकवत होतो. तू नऊ वर्षांची, खांबाला टेकून केळं खात होतीस. म्हणालीस, "काय झटताय? दोन्ही दौती पांढऱ्यावर आहेत. नाही झाकायची ती." मदरनी तुला उचलून घेतलं होतं. मला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

ज्याला हे ठाऊक नाही त्याने अशी चूक केली तर मी म्हणेन, गाढव आहे. तू गाढव नाहीस. समोर दोन हात वर झालेले पाहिलेस तेव्हाच तुला कळलं होतं की यांना शेजारीण मिळणंच शक्य नाही, दोष त्यांचा नाही, पटाचा आहे. पण पाहुण्यांपुढे कुणी रिकामं बसलेलं दिसायला नको होतं. एवढंच. एवढ्यासाठी मान मोडली.

ताई


३ डिसेंबर

धाकटे,

अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. थंडीने बोटं आखडतात.

सोमवारी समितीच्या इमारतीबाहेर जे झालं ते तू गाडीची काच वर करून पाहिलंस, पण काचेतून आवाज येत नाही. म्हणून सांगते. डंपरला गाडीतून उतरवत होते. पेन्सिलचे वडील फाटकापाशी उभे होते. बसगाड्या दुरुस्त करतात ते, हाताला वंगण तसंच. छोटासा माणूस, पोरगी त्यांच्यावरच गेली होती. त्यांनी डंपरचे केस धरले आणि तिचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, परत एकदा. पहारेकरणी बघत राहिल्या. मग ते बुक्क्यांनी मारायला लागले, जिथे पोचेल तिथे, छातीत, गळ्यावर, आणि रडत होते, "माझी पोर काडीएवढी होती गं, काडीएवढी."

डंपरच्या हातात बेड्या नव्हत्या. मनात आणलं असतं तर एका हाताने त्यांना फाटकावरून पलीकडे ठेवलं असतं तिने, त्या बादलीसारखं. तिने हात मागे बांधून घेतले. आपणहून. मान खाली घातली, म्हणजे त्यांना तोंडापर्यंत हात पोचायला सोपं जावं. तुला कळतंय का मी काय लिहितेय? मारणाऱ्याची सोय बघत होती ती.

मी मध्ये पडले. छत्री होती हातात, ती त्यांच्या खांद्यावर मोडली, याचं मला वाईट वाटतं. छत्री चांगली होती. त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं. रक्त बघून ते भानावर आले, "आजी, लागलं का?" म्हणाले. पासष्टीत मला आजी म्हणतात, हे नाकापेक्षा जास्त लागलं. पायरीवर बसवून मी त्यांना सांगितलं की ही मारेकरी नाही. ते म्हणाले, "मग कोण आहे?" मी तुझं नाव घेतलं नाही. आजवर कुणापुढे घेतलेलं नाही. ते तू घ्यायचं आहेस.

काल सकाळी मी मैदानावर आले त्याचं तुला वाईट वाटलं. वाटू दे. फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने सलाम ठोकून आत सोडलं, त्याला काढून टाकू नकोस, मी त्याला खोटं सांगितलं की तू बोलावलंयस. तू यायच्या आत मी खडूची पेटी घेऊन तुझ्या राखाडी रबरावर एक सोडून एक चौकोन पांढरा केला. कंबर मोडली. मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या. एकीने येऊन खडू मागितला, मग दुसरीने.

मग मी त्यांना उभं केलं. तापातून उठलेली आणि घोटा सुजलेली, दोघी आता बऱ्या आहेत. त्यांचे स्वतःचे चौकोन रिकामे ठेवले, जसे त्या दिवशी होते. तापवालीला डंपरच्या जागी उभं केलं. घोटेवाली पेन्सिलच्या जागी जायला तयार होईना. "बाई, तिथे नको," म्हणाली. मी म्हटलं, "जागेने कुणी मरत नाही, जा." गेली.

चौतीस झाल्या. मी शिट्टी वाजवली. धरा शेजारीण. दोन हात वर आले, तिसऱ्या आणि पाचव्या रांगेतून. मी म्हटलं, सोडा, वेगळ्या धरा. परत दोन हात, दुसरीकडून. सोडा. परत. मुली हट्टाला पेटल्या, एकमेकींना ओरडून सांगायला लागल्या, तू तिला घे, तू मागे वळ, अगं तिला सोड. जिच्या-तिच्या कपाळाला घाम. दर वेळी दोन उरत होत्या आणि दर वेळी ज्या उरत होत्या त्यांच्या पायाखाली खडू नव्हता. शेवटी पहिल्या रांगेतली एक बारकी, पेन्सिलच्या शेजारची, मटकन खाली बसली आणि म्हणाली, "बाई, हे कधीच जमणार नाही. त्या दिवशीही जमलं नसतं." आणि हमसून रडायला लागली.

तेवढ्यात तू आलीस.

तू आलीस ते मागून. माझा हात पिरगाळून पाठीवर नेलास, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपर वर. डाव बरोबर होता. जोर जरा जास्त झाला. मुलींसमोर मी ओरडणार नव्हते, ओरडले नाही. तू माझ्या चांगल्या कानात म्हणालीस, "चल निघ म्हातारे, नाहीतर हात मोडीन."

मग तू चौतीस मुलींना त्या खडूवरून बूट घासायला लावलेस. त्यांनी घासले. पण घासताना एकीनेही मान वर केली नाही, हे तू पाहिलंस ना? मी फाटकातून पाहिलं.

दुपारी समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुमचा खडू काही पुरावा होत नाही." मी म्हटलं, तुमच्याकडे डोकं असतं तर झाला असता. त्यांनी मला पुढच्या बैठकीला यायची बंदी घातलीय. वकील मात्र पोरगा चांगला आहे. त्याने रात्रभर बसून चौकोनी वहीवर जोड्या लावून बघितल्या आणि सकाळी फोन केला, "बाई, खरंच दोन उरतात हो!" जसा काही शोध त्यानेच लावला.

ताई


५ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र वकील लिहून घेतोय, मी सांगतेय. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मनगटाची दोन हाडं. डॉक्टरांना मी न्हाणीघरात पडले म्हणून सांगितलंय. तू तसंच सांग कुणी विचारलं तर. त्यासाठी हे पत्र नाही.

पत्र यासाठी आहे की डंपर सही करणार आहे.

आज सकाळी तिने वकिलाला सांगितलं. सोमवारी, आठ तारखेला, अकरा वाजता समिती बसेल तेव्हा ती लिहून देणार की होय, मी रागाने मारलं. वकील रडकुंडीला आला. मी धावत गेले. दाराच्या गजातून तिला नको नको ते बोलले. म्हटलं, "मूर्ख कार्टे, जन्मठेप होईल. तुझी आई बाहेर दारोदार फिरतेय."

ती म्हणाली, "बाई, मारलं तर मीच ना. माझ्याच हातांनी गेली ती. बाकी कुणी तिला उचललं नव्हतं."

"तुला तिच्या अंगावर कुणी घातलं?"

"ते मॅडमना माहीत, मला माहीत, पेन्सिलला माहीत होतं. मॅडम सांगत नाहीत. पेन्सिल सांगू शकत नाही. मी एकटी सांगून काय? त्या परत म्हणतील, शेजारीण होती. मग परत मला नेतील मागच्या खोलीत." मग म्हणाली, "तिचे बाबा आले होते काल. गजातून बघत बसले. मारलं नाही, बोलले नाहीत. बाई, मी सही केली की ते तरी घरी जाऊन झोपतील."

मागच्या खोलीत काय करतात ते मी पाहिलं. तिने पाठ वळवली तेव्हा सदऱ्याचं कापड पाठीच्या जखमांना चिकटलेलं दिसलं. ते तुझ्या शिकवलेल्या मुलीच करतात, धाकटे. पूर्ण जोर, नाटक नको. तू शिकवलंस ते शिकल्यात.

मी तुला खोटा धीर देत नाही. तू खरं लिहिलंस तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, खटलाही होईल. वर्तमानपत्रात फोटो येईल. आई असती तर म्हणाली असती, धाकटी आहे, सांभाळून घे. लहानपणापासून तेच म्हणायची, तू माझ्या डाव्या कानावर पितळी तांब्या हाणलास त्या दिवशीही. मी सांभाळून घेत आले, अजून घेते आहे; हाडं मोडलेल्या हाताचं काय सांगितलंय ते वर वाच. पण ही मुलगी माझी सांभाळून घ्यायची वस्तू नाही. ही तेवीस वर्षांची आहे.

तू घाबरतेस हे मला कळतं. तू फोनवर श्वास घेतलास त्यावरून कळलं. मंगळवारी माझा हात पिरगाळताना तुझा अंगठा दोनदा सरकला. चांगली प्रशिक्षिका आहेस तू, तुझा अंगठा सरकत नाही. त्या दिवसापासून तू झोपलेली नाहीस. मुली सांगतात, तुझ्या खोलीतून चौकोनी कागदांचे बोळे निघतात कचऱ्यात. तूही जोड्या लावून बघतेयस, होय ना? एखादी तरी अशी सापडेल म्हणून, जिच्यात कुणी उरत नाही. नऊ वर्षांची असताना केळं खात खात जे सांगितलंस ते खोटं ठरावं म्हणून पासष्टीला टेकलेल्या बहिणीचा हात मोडेपर्यंत आलीस. नाही सापडणार, धाकटे. सहा हजार सातशे अठ्ठावीसपैकी त्या दिवसासाठी एकही नव्हती.

मला लांबलचक काही नको. कारणं नकोत, पाहुण्यांचं नको, माझ्या जागेचं नको. समितीच्या नावाने, तुझ्या हाताने, तुझ्या सहीने एवढंच लिही: त्या दोघींना शेजारीण उरली नव्हती, दोघींनी हात वर केले होते, आणि त्यांना एकमेकींच्या अंगावर मी घातलं. खाली तारीख आणि वेळ घाल, तीच, वर पहिल्या पत्रात दिलेली.

तोंडी चालणार नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पोस्टाने पाठवू नकोस, रविवारी पोस्ट नसतं आणि सोमवारी अकराला त्या पोरीच्या हातात पेन असेल. स्वतः घेऊन ये. स्वेटर घालून ये, इथे गारठा आहे. बोलायचं नसलं तर दाराखालून सरकव.

रविवार, सात डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. वकील इथेच बसून राहणार आहे. सहा वाजून एक मिनिटाने आलेला कागद मी त्याला उघडू देणार नाही, कारण त्यानंतर आम्हा दोघांना त्या बाईच्या घरी जायचं आहे, डंपरच्या आईकडे, आणि तिला सांगायचं आहे की तुझ्या मुलीला वाचवणारं माणूस या जगात एकच होतं, आणि ते आलं नाही. ते कोण, हे ती मला विचारेल. या वेळी मी नाव सांगेन.

लेखी उत्तर. सहाच्या आत.

ताई